२४ खाने, २४ प्रकार : वाचन आव्हान तडीस नेणाऱ्यांचे अनुभव

बारा महिने, २४ खाने, प्रत्येक खान्यात वेगळ्या प्रकारचं एक पुस्तक. ज्यांनी हे पुरं केलंय त्यांनी काय केलं की जमतं आणि गाडी कुठे अडते, तेवढंच लिहा. किस्से नकोत.

*

आव्हान बुडतं ते मांडणीपायी. २४ पुस्तकं सरासरी २५० पानांची धरली तर ६००० पानं, म्हणजे रोज १७. ऐकायला किरकोळ. पण कादंबरीची १७ पानं अर्ध्या तासात उरकतात, तत्त्वज्ञानाची त्याच वेळात सहा-सात होतात. म्हणून हिशेब तासांत करा : पुस्तक हातात आलं की पहिली १० पानं घड्याळ लावून वाचायची आणि गुणाकार करून तो आकडा यादीत त्या नावापुढे लिहायचा.

दुसरं, सगळेजण रहस्यकथा, प्रवासवर्णन, आत्मचरित्र आधी फस्त करतात. ऑक्टोबरात उरतं काय? कविता, नाटक, विज्ञान आणि एखादा ७०० पानी ठोकळा. ठोकळा फेब्रुवारीतच काढा. रोज १० पानं, ७० दिवस, जोडीला एखादं हलकं पुस्तक. शेवटचे दोन महिने पातळ पुस्तकांनाच ठेवा.

*

रोज १० पानं हे मला पटत नाही. मोठ्या कादंबरीत तेवढ्यानं सूर लागत नाही आणि चौथ्या दिवशी कोण कोणाचा मेहुणा ते आठवेनासं होतं. आठवड्यातून तीन बैठका, प्रत्येकी २५ पानं. पुठ्ठ्याच्या आत कागद खोचून त्यावर पात्रांची नावं, नाती आणि पहिल्यांदा भेटल्याचा पान क्रमांक.

*

कवितासंग्रह एका बैठकीत संपवला की खाना भरतो, वाचन होत नाही. ८० कविता असतील तर रोज चार, त्यातली एक मोठ्यानं. वीस दिवसांत संपतो आणि दुसऱ्या पुस्तकाच्या आड येत नाही.

नाटकात उलट. पात्रपरिचयाचं पान उघडं ठेवा, कंसातल्या रंगसूचना गाळू नका (प्रवेश कोण करतंय ते तिथेच कळतं) आणि अंक मध्येच सोडू नका.

*

नियम सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर डिसेंबरात पळवाटा सुचतात. एक पुस्तक, एकच खाना. अनुवादित विज्ञानकादंबरी दोन्हीकडे बसते. पेन्सिलनं दोन्हीकडे लिहा, दुसरं पुस्तक मिळालं की एक खोडा. अनुवादाच्या खान्यात मूळ भाषा मोजायची असेल तर श्रेयनामावलीचं पान बघा. जपानी कादंबरी पुष्कळदा इंग्रजीवरून आलेली असते. पुस्तिका धरायची का यावर वाद झाला तर युनेस्कोची १९६४ची व्याख्या कामाला येते : मुखपृष्ठ-मलपृष्ठ वगळून किमान ४९ पानं.

*

नावडतं पुस्तक कधी सोडायचं? ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम सोपा आहे : पन्नाशीपर्यंत ५० पानं वाचून बघा, पुढे १०० मधून वय वजा करा. सत्तरीला ३० पानं पुरे. मात्र प्रत्येक खान्याला एक राखीव नाव हवंच. नसलं की शोधाशोधीत दोन आठवडे जातात.

*

विज्ञानाचं पुस्तक : आधी आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी, मग प्रकरण.

*

श्राव्य पुस्तकं मोजा की बिनधास्त. मिनिटाला साधारण १५० शब्द धरले तर ९०,००० शब्दांना १० तास लागतात. फक्त तळटीपा-तक्ते असलेलं काही ऐकायला घेऊ नका, आकडे कानावरून जातात. आत्मचरित्र घ्या, शक्यतो लेखकानं स्वतः वाचलेलं.