सकाळी धावणं सुरू केलं, पण संध्याकाळची भूक आवरत नाही. खाणं कसं बसवावं?

प्रश्न : भरती_दारव्हा

वय २६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी चालू आहे. आठवड्यातून ५ दिवस पहाटे ५ किलोमीटर धावणं, मग दिवसभर वावरातली कामं. महिना झाला, काटा जागचा हलत नाही.

खाणं असं : धावण्याआधी आणि आल्यावर साखरेचा चहा. ११ वाजता ज्वारीच्या दोन भाकरी, भाजी, पातळ वरण. दुपारी काही नाही. पाच वाजले की पोटात आग पडते, मग स्टँडवरचा आलूबोंडा नाहीतर घरचा चिवडा. रात्री साडेनऊला जेवण, तेव्हा किती भाकरी आणि किती भात याचा हिशेब राहत नाही.

भाकरी बंद करू का? उपाशीपोटी धावलं तर चरबी जास्त जळते म्हणतात, ते खरं का? घर शाकाहारी आहे, अंडी बाहेर खाता येतात. सोमवारचा उपवास असतो. बाजार आठवड्यातून एकदाच, म्हणून ओट्स-पनीर नको, घरात असतं त्यातलंच सांगा.

उत्तर : मैदान_वाशिम

भाऊ, भाकरी बंद करू नका. तुमचा घोळ भाकरीत नाही, वेळेत आहे.

आधी धावण्याचा हिशेब. एक किलोमीटर धावलं की दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी खर्च होते. ८२ किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला की ४०० च्या आसपास. एका मोठ्या आलूबोंड्यात दीडशे ते दोनशे. दोन आलूबोंडे आणि एक गोड चहा झाला, की सकाळची मेहनत तिथंच फिटली.

तुमचं वय, उंची, वजन आणि वावरातलं काम धरलं तर दिवसाला २७०० ते २८०० कॅलरी लागतात. २२०० ते २३०० खाल्लं तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. तेवढं पुरे. काही पोरं एकदम १५०० वर येतात. मग पोटऱ्या भरून येतात, झोप लागत नाही, वेळ सुधारायच्या ऐवजी घसरतो आणि आठव्या-दहाव्या दिवशी रात्री डब्यावर हात जातोच. मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण १६०० मीटरला आहेत, ते वजनापायी घालवू नका.

उपाशी धावण्याबद्दल : अर्ध्या-पाऊण तासाचं धावणं नुसतं पाणी पिऊन करता येतं, त्यात वावगं नाही. धावताना चरबी थोडी जास्त वापरली जाते हे खरं, पण दिवसभराचं खाणं तेवढंच असलं तर महिनाअखेर फरक पडत नाही. खरी गोम पुढे आहे. जोरात धावलं की तासभर भूक दबते. चहावर भागलं असं वाटतं, आणि ११ पर्यंत पोट रिकामं राहतं. त्यानंतर पुन्हा पाचपर्यंत सहा तास काही नाही. पाचची आग तिथून येते. म्हणून भूक नसली तरी मैदानावरून आल्यावर तासाभरात खा, आणि चहा-बिस्किटावर भागवू नका.

आणि आठवड्यातून दोन दिवस धावणं कमी करून जोर-बैठका ठेवा. बैठका २० च्या चार फेऱ्या, जोर जमतील तेवढ्यांच्या चार फेऱ्या. नुसतं धावून आणि कमी खाऊन चरबीबरोबर मांसही उतरतं, मग गोळाफेकीत ताकद राहत नाही.

उत्तर : आहार_अकोला

वरच्यांनी वेळ सांगितली, मी ताटाचं सांगते. तुमच्या ताटात प्रथिनं कमी आहेत, आणि पोट लवकर रिकामं होण्याचं ते मोठं कारण. व्यायाम करून वजन उतरवणाऱ्याला दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुम्हाला रोज ९५ ग्रॅमच्या पुढे. आत्ता निम्मी मिळत असतील.

पातळ वरणावर विसंबू नका. मूठभर डाळीत गंजभर पाणी घालून चौघांत वाटलं की एकाच्या वाटीत जेमतेम २० ग्रॅम डाळ येते, म्हणजे ४-५ ग्रॅम प्रथिनं. कोरडी ४० ग्रॅम डाळ एका माणसाची धरा आणि वरण पळीवर थांबेल इतकं घट्ट ठेवा. तेवढ्यात ९ ग्रॅम मिळतात.

सकाळी साडेसातच्या आत ५० ग्रॅम बेसनाची दोन धिरडी, त्यात कांदा, सांभार (कोथिंबीर), ओवा, आणि तव्यावर दोन चमचे तेल, जास्त नाही. सोबत ग्लासभर दूध किंवा दोन उकडलेली अंडी. इथंच २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं झाली. ११-१२ वाजता दोन भाकरी ठेवा. पण भाकरी केवढी हे एकदा किराण्याच्या काट्यावर पीठ मोजून बघा. ७० ग्रॅम पिठाची भाकरी सुमारे २४० कॅलरीची. आपल्याकडे काही घरांत एक भाकरी १०० ग्रॅमच्या वर जाते, मग "दोनच खाल्ल्या" या म्हणण्याला अर्थ उरत नाही. सोबत घट्ट वरण, वाटीभर दही आणि भाकरीइतकीच भाजी : पत्ताकोबी, ढेमसं, दोडकं, बरबटीच्या (चवळीच्या) शेंगा, अंबाडी, जे असेल ते.

साडेचारला, म्हणजे आग पडायच्या आधी, ४० ग्रॅम फुटाणे सालासकट, एक काकडी आणि पातळ ताक. फुटाणे वाटीत काढून डबा आत ठेवा. फल्लीदाणे (शेंगदाणे) चांगलेच, पण ४० ग्रॅम दाण्यांत २२० च्या वर कॅलरी आहेत आणि फुटाण्यांत दीडशेच्या आत, आणि दाणे मुठीने तोंडात जातात.

रात्रीचं जेवण साडेसातला. एक भाकरी, ४० ग्रॅम सोयावडीची भाजी, थोडं वरण, भात हवाच तर कोरडा तांदूळ ४० ग्रॅम. सोयावडीतून एकट्या २० ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि गावच्या कोणत्याही किराण्यात ती असते. चहा दिवसातून दोनच, साखर एकेक चमचा. हे सगळं मिळून २३०० च्या आसपास जातं. सकाळी अंडी आणि दूध दोन्ही घेतलं तर प्रथिनं ९५ च्या पुढे जातात.

प्रश्नकर्ता : भरती_दारव्हा

तीन शंका. फुटाणे, उसळ खाल्लं की धावताना पोट फुगतं. सोयावडीला वास येतो आणि ती फार तेल पिते. आणि घरी सोयाबीनची पोती पडली आहेत, तेच दळून खाल्लं तर?

उत्तर : आहार_अकोला

पोट फुगणं : कडधान्य एकदम वाढवलं की असं होतंच. पहिला आठवडा निम्मं खा. हरभरा, मोट (मटकी) ८-१० तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात शिजवा, हिंग-ओवा घाला. उसळ रात्री उशिरा नको, दुपारी खा. आणि पाणी वाढवा, नाहीतर चोथा वाढून उलट बद्धकोष्ठ होतं.

सोयावडी : मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवा, थंड पाण्यात टाका, दोन्ही तळव्यांत दाबून पिळा. हे दोनदा करा, फेसाळ पाणी निघून जातं आणि वासही जातो. तेल पिते कारण ती फोडणीत परतली जाते. रस्सा आधी शिजवून घ्या, वडी शेवटच्या ५-७ मिनिटांत सोडा, म्हणजे ती तेलाऐवजी रस्सा शोषते. एवढ्या सोयाने पुरुषांची ताकद कमी होते ही भीती मनात ठेवू नका, तसं होत नाही.

घरचं सोयाबीन : कच्चं दळू नका. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा, मग ९ किलो गव्हाला १ किलो या मापात दळून आणा. आणि फार महत्त्वाचं : पेरणीतून उरलेलं, औषध चोळलेलं रंगीत बियाणं चुकूनही दळायला नेऊ नका. ते धुऊनही खाण्यालायक होत नाही, जनावरांनाही घालू नका.

सोमवार : ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचा कूट आणि एक पळी तेल, एवढ्या उसळीत साडेपाचशेच्या वर कॅलरी होतात. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच, म्हणून तीन तासांत पुन्हा भूक लागते. त्याऐवजी ६० ग्रॅम भगर, सोबत दही, मध्ये एक उकडलेलं रताळं, दोनदा ताक. मोठं धावणं सोमवारी ठेवू नका.

उत्तर : झाडीपट्टी_ताई

हे सगळं ज्वारीवाल्यांचं झालं. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडून वाचणाऱ्यांनी भात सोडायची गरज नाही. एका वेळेला ६० ग्रॅम कोरडा तांदूळ मोजून शिजवा आणि आधी भाजी, घट्ट वरण संपवून मग भाताला हात लावा. भात पुढ्यात आधी आला की तोच वाढत जातो. पेज काढली म्हणजे भात हलका झाला असं समजू नका, कॅलरीत फारसा फरक पडत नाही.

आमच्याकडे स्वस्त प्रथिनं म्हणून लाखोळीची डाळ सुचवली जाते. प्रथिनं तिच्यात भरपूर, पण महिनोन् महिने तीच मुख्य डाळ म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. कधीमधी खायची तर भिजवून पाणी फेका, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी फेका. रोजच्याला तूर, मूग, हरभराच ठेवा.

दुसरी गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून सांगते. आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे. आजार असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावूच नये. वाहक असणाऱ्यालाही उन्हात, कमी पाण्यावर, दमछाक होईस्तोवर धावल्याने जिवावर बेतू शकतं. सिकलसेल ओळखणारी रक्ताची सोल्युबिलिटी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तयारी सुरू करण्याआधी करून घ्या. मुलींनी सोबत हिमोग्लोबिनही बघावं. रक्त कमी असलं की थकवा येतो, आणि तो भूक समजून खाल्लं जातं. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपाशीपोटी धावू नये, साखर एकदम खाली जाते.

उत्तर : मैदान_वाशिम

ताईंनी बरोबर सांगितलं. मार्चपासून पुढे धावणं सूर्य वर यायच्या आत संपवा, आणि आल्यावर ताकात मीठ घाला. लघवी गडद पिवळी असेल तर आधी दोन ग्लास पाणी, मग पंधरा मिनिटांनी बघा भूक आहे का.

काट्याचं : रोजच्या आकड्याला घाबरू नका. नवीन व्यायाम सुरू झाला की स्नायू पाणी धरून ठेवतात, दोन-तीन आठवडे वजन हलत नाही आणि कंबर मात्र उतरते. आदल्या रात्री सावजी रस्सा झाला असेल तर मिठामुळे किलोभर जास्तच दिसेल. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तोच काटा, तसेच कपडे. आठवड्यातून तीन वेळा मोजा आणि सरासरी धरा. काटा नसेल तर शिवणाची टेप बेंबीवरून, श्वास सोडून. चार आठवड्यांत वजन आणि कंबर दोन्ही हललं नाही, तर रात्रीची भाकरी अर्धी करा. सकाळचं काही कमी करू नका.

उत्तर : आहार_अकोला

तेलाचं राहिलं. पाच माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल जात असेल, तर माणशी रोज ३० ग्रॅम होतं, म्हणजे २७० कॅलरी. तुमच्या वाट्याला निम्मं यायला हवं. पण एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक कोणत्याच घरी परवडत नाही, आणि करणाऱ्या बाईवर तो भार टाकूही नये. वरण फोडणी द्यायच्या आधी तुमची वाटी काढून ठेवायला सांगा, वरून मीठ, लिंबू, सांभार. रस्साभाजी पातेल्याच्या तळातून वाढून घ्या, वरची तर्री राहू द्या. ठेचा तेलाशिवाय, नुसता कुटलेला चालतो. जवसाची चटणी कोरडी, दिवसाला दोन चमचे.