गिटार बदलली आणि नॉफ्लरचा आवाज गेला, मदत हवी आहे (तातडीची)

तुटकी_तार: शनिवारी कार्यक्रमात गिटारवादक मार्क नॉफ्लरचं सुल्तान्स ऑफ स्विंग हे गाणं वाजवायचंय. जुन्या गिटारवर बऱ्यापैकी तसा आवाज यायचा, परवा नवीन घेतली आणि सगळं गेलं. अ‍ॅम्प तोच, सेटिंग तेच, तरी घोंगडी टाकून वाजवल्यासारखं येतंय. काय करू? लवकर सांगा.

चिंचवडकर: जुनी कुठली, नवीन कुठली? पिकअप (तारांखालचा, आवाज पकडणारा भाग) कुठला लावता?

तुटकी_तार: जुनी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाईप, आता गिब्सनची लेस पॉल. पण मार्क नॉफ्लर पण लेस पॉल वाजवतो की, त्याचं मनी फॉर नथिंग हे गाणं त्यावरच आहे!

सहावी_तार: अहो इथेच तर गोची आहे. सुल्तान्स 1978 चं, लाल स्ट्रॅटवर, ब्रिजजवळचा (तारांच्या खालच्या टोकाकडचा) आणि मधला पिकअप एकत्र. दोन सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) पिकअप एकत्र आले की मिड, म्हणजे आवाजातला मधला भाग, थोडे कापले जातात, म्हणून तो पोकळ, नाकातला खणखणाट. तुमच्याकडे हमबकर पिकअप, दोन कॉइल एकामागे एक जोडलेल्या, आवाज जाड आणि वरची चकाकी कमी. शिवाय स्ट्रॅटची स्केल (तारेची वाजणारी लांबी) साडेपंचवीस इंच, तुमची पावणेपंचवीसच्या आसपास, तार तेवढी सैल लागते.

निवांत_नाना: मूळ कारण लाकूड. लेस पॉल महोगनीची, जड. पिकअपवर काही नसतं, मी तीस वर्षं वाजवतोय.

सहावी_तार: नाना, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण हे नाही पटत. मनी फॉर नथिंगच्या वेळी माँटसेराटच्या स्टुडिओत अ‍ॅम्पसमोरचा एक माइक जमिनीकडे वळलेला होता, तो आवाज आवडला म्हणून तसाच ठेवला. तिथे लाकूड काय करणार?

निवांत_नाना: एका माइकवरून सगळ्या गिटारी सारख्या होत नाहीत.

सानूची_आई: मध्येच विचारते, मुलगी आठ वर्षांची आहे, स्टीलच्या तारा की नायलॉनच्या?

चिंचवडकर: ताई, नायलॉनच्या, आणि लहान साइजची घ्या, बोटं दुखली की मुलं सोडून देतात. @तुटकी_तार, पिकने (प्लॅस्टिकच्या पातीने) वाजवता की बोटांनी?

तुटकी_तार: पिकने. त्याने काय फरक पडतो?

चिंचवडकर: अहो, तिथेच तर सगळं आहे! नॉफ्लर अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी वाजवतो. बोटाने तार खालून उचलून सोडली की ती फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) आपटते आणि टक् असा आवाज येतो, तो पिकने येत नाही. लेस पॉलवर वाजवतानाही तोच वाटतो तो या बोटांमुळे. आज पिक बाजूला ठेवा, दोन्ही पिकअप लावून मानेकडच्याचा व्हॉल्यूम सातवर आणा, अ‍ॅम्पचा बास कमी करा.

तुटकी_तार: केलं. टक् येतोय, खूपच बरं वाटतंय! पण पोकळपणा अजून नाही. शनिवारपुरती जुनीच नेऊ का?

सहावी_तार: नेच. तिचा पिकअपचा स्विच पाचपैकी कुठल्या जागी लावायचास ते सांग आधी.