प्रति: पैसे परत मिळाले, मग तक्रार कसली?

विकलेलं ई-पुस्तक दुकानाने काढून घेतलं तरी पैसे परत मिळाले की वाचकाचं नुकसान उरत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि जुलैपासून लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. किंमत पूर्ण परत दिली, हे खरं. पण वाचताना केलेल्या टिपा, खुणा? त्यासाठी २५ डॉलर वेगळे दिले, म्हणजे नुकसान झालं हे कंपनीनेही मानलंच ना! आजोबांच्या पोथीतल्या पेन्सिलीच्या खुणा मी आजही बघते. त्यांची किंमत कोण ठरवणार? कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदा आहे: डिजिटल वस्तूची मालकी न देता नुसता वापरण्याचा परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगा, उगाच ‘खरेदी करा’ म्हणू नका. आपल्याकडेही निदान एवढं हवंच.