मदत हवी आहे: बोटीचा पाण्याखालचा आवाज कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी. मी दापोलीजवळ राहतो. थंडीत इथे पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोटी जातात. कळप दिसला की चार-पाच बोटी भरधाव मागे लागतात, तेव्हा पोटात तुटतं. हे हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यातले. तिथे मासा शोधायचा तर आवाजाच्या प्रतिध्वनीवरच, आणि नेमका तोच इंजिनाच्या घरघरीत बुडत असणार.

कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात सप्टेंबर 2001 मध्ये जहाजं कमी झाली, तेव्हा पाण्यातला आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरला आणि तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकंही कमी सापडली. हे बोटवाल्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या बोटीचं सांग." रास्त आहे. त्यांचं पोट त्यावर आहे.

म्हणून इथलंच रेकॉर्डिंग त्यांना ऐकवायचंय. कुणाकडे हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, आठवडाभरासाठी मिळेल का? नसेल तर कमी खर्चात घरी बनवता येतो का? आणि इंजिन किती अंतरावर मंद करावं, याचा अनुभव असलेलं कुणी आहे का? मालवण, तारकर्लीकडच्यांनी जरूर लिहा.