वाचनालयाच्या वेबसाईटवर पुस्तक सापडतच नाही, काय करावं?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचं दापोली तालुक्यातलं छोटं वाचनालय, 'क' वर्ग. गेल्या वर्षी वेबसाईट केली आणि कार्यकारिणीत मीच सगळ्यात लहान म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. साईट दिसायला झकास, पण फोन काही कमी झाले नाहीत, आज उघडं आहे का, अमुक पुस्तक आहे का, वर्गणी किती, सगळं अजून फोनवरच विचारतात, आणि मे महिन्यात नि गणपतीत चाकरमानी आले की विचारूच नका. काल शेजारच्या काकूंना मोबाईलवर साईट उघडून दिली, त्यांना विहिरींवर काहीतरी वाचायचं होतं. त्यांनी 'विहिर' टाकलं, शून्य पुस्तकं. मग मी वाचनालयात जाऊन कपाटातून तीन काढून दिली! साईट बनवणारा म्हणतो सर्च बरोबर चालतोय. पुस्तकांची यादी आधी एक्सेलमध्ये होती, श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, तीच त्याने बदलून चढवली. चूक नक्की कुठे आहे?

कोडवाला_तात्या:
तो म्हणतो ते त्याच्यापुरतं बरोबर आहे रे, यादीत 'विहीर' आहे, काकूंनी 'विहिर' टाकलं, मशीनला ते दोन वेगळे शब्द. मराठी माणूस ऱ्हस्व दीर्घ बघून सर्च करत नाही, मी पण करत नाही. त्यामुळे शोधताना दोन्ही बाजूंनी ि आणि ी एकच धरायचे, ु आणि ू पण, दिसताना मात्र शुद्धलेखन जसंच्या तसं ठेवायचं. दुसरी भानगड 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) एकसंध पण आहे, 'अ'वर चंद्र देऊन पण बनतं, आणि काही कीबोर्ड हिंदीतला 'ऍ' देतात, म्हणजे 'ॲलोपथी' तीन तऱ्हेने येतं, त्यातली पहिली दोन तर डोळ्याला सारखीच दिसतात. तिसरं, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणून बदलताना पहिली वेलांटी आणि रफार हटकून भलत्या अक्षरावर जातात. शंभर नोंदी काढून मूळ यादीशी ताडून बघ, डोकं फिरेल.
आणि एक्सेल चढवण्यापेक्षा कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर बघ, फुकट आहे, न्यूझीलंडच्या एका छोट्या वाचनालयासाठी बनवलं, २००० सालापासून चालू आहे. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. फक्त इंडेक्सिंग (म्हणजे सर्चसाठी शब्दांची सूची करणं) आयसीयू या युनिकोडच्या सोयीवर ठेवायला सांग, नाहीतर देवनागरी शब्द नीट तुटत नाहीत. वेलांट्यांचा नियमही तिथेच घालता येतो. सरकारी हवं असेल तर एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आहे.

जुनी_ग्रंथपाल:
सर्चचं तात्या बघतील, मी पहिल्या पानाबद्दल बोलते. साईटवर वर काय आहे सांगू का, सत्काराचे फोटो सरकतायत, खाली अध्यक्षांचं मनोगत, आणि वेळापत्रक पीडीएफमध्ये, तीही स्कॅन केलेली, म्हणजे मोबाईलवर बोटांनी ताणून वाचायची. आम्हाला ग्रंथालयशास्त्रात रंगनाथनांचे पाच नियम घोकायला लावायचे, १९३१ सालचे, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा'. तेव्हा परीक्षेपुरता वाटायचा. आता देवघेवीला बसल्यावर रोज आठवतो.
तुम्हाला फोनवर जे विचारतात तेच वर टाका, आज उघडं की बंद, वेळ, फोन नंबर, सर्चची मोठी चौकट. ग्रंथपाल रजेवर असेल त्या दिवशी तसं लिहा, नाहीतर माणूस आडे-केळशीहून एसटीने येऊन कुलूप बघून जातो (हे मी केलेलं पाप आहे, म्हणून सांगते). सत्काराचे फोटो खाली न्या, कार्यकारिणी रुसेल, रुसू दे. आणि नवीन साईट मोकळी करायच्या आधी पाच वाचकांना वापरायला द्या. शेजारी बसायचं, पण तोंड बंद ठेवायचं, कुठे अडतात ते लिहून घ्यायचं, अर्ध्या चुका तिथेच कळतात. आपण मध्येच "काकू, तिकडे दाबा" म्हणतो ना, तिथेच फसतो.

देवबागचो_झील:
लाईट गेली काय वेबसाईट खय नि पुस्तक खय! मस्करी नाही हां, पावसाळ्यात आमच्याकडे दोन दोन दिवस लाईट नसते. दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक लिहितात ती) बंद करू नका, कॉम्प्युटर आला म्हणून ती कपाटात टाकून वाळवी लागलेली मी बघितली आहे. बॅकअप पेनड्राईव्हवर आणि तो वाचनालयाच्या बाहेर, उंचावरच्या कुणाच्या तरी घरी. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा तळमजल्यावरचं काय वाचलं सांगा. बाकी पुस्तक परत करायची आठवण व्हॉट्सॲपवर पाठवा, मुदतवाढ पण तिथेच द्या, त्याला वेगळं ॲप लागत नाही.

खाडीकाठचा:
सगळ्यांचे आभार. आज तिघांना बसवलं (पाच मिळाले नाहीत, आंब्याचे दिवस आहेत). तिघांपैकी दोघांना सर्चची चौकट दिसलीच नाही, ती फिकट राखाडी होती आणि ते उन्हात ओटीवर बसले होते! तिसऱ्या आजोबांना ती सापडली, पण त्यांनी पुस्तकाच्या नावाऐवजी स्वतःचं नाव टाकलं, कारण चौकटीत नुसतं 'येथे टाईप करा' लिहिलं होतं. आता तिथे 'पुस्तक किंवा लेखकाचं नाव' असं केलंय. कार्यकारिणीत फोटो खाली न्यायचा विषय काढला, एक जण अजून बोलत नाहीयेत. यादीतल्या शंभर नोंदी ताडल्या, तात्या, तेवीस चुकलेल्या निघाल्या, 'दुर्ग'मधला रफार हमखास गेलेला. कोहाचं पुढच्या आठवड्यात बघतो, तोवर काकूंना 'विहीर' कसं टाकायचं ते कागदावर लिहून दिलंय.