गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली, स्वतः बदलावी का?

मिशिगनकर: काल पहाटे गॅरेजमधून बार उडाल्यासारखा आवाज आला. जाऊन बघतो तर दारावरच्या दांड्यातल्या दोनपैकी एका स्प्रिंगचे दोन तुकडे, मध्ये दोन बोटं फट. दार 16 बाय 7 फूट, ओपनर (दार उघडणारी मोटर) नुसता गुरगुरतोय. गाडी आत. स्प्रिंग ऑनलाइन स्वस्त दिसतेय, मजुरी ऐकून मात्र डोळे पांढरे झाले. घरी कोणी बदललीय का?

खटपट्या: आधी ते बटण दाबणं थांबवा! दाराचं वजन स्प्रिंग पेलते, ओपनर फक्त ढकलतो. त्याचे गिअर जातील.
लांबी-रुंदी सांगून स्प्रिंग मागवू नका. पट्टी लावून 20 वेढे मोजा: साडेचार इंच भरले तर तारेची जाडी 0.225 इंच, पाच भरले तर 0.250. शिवाय आतला व्यास, तुटलेले तुकडे जुळवून पूर्ण लांबी, आणि डावा पीळ की उजवा. नेहमीची स्प्रिंग 10,000 फेऱ्यांची, म्हणजे दिवसाला चार वेळा दार उघडलंत तर सातेक वर्षं. थोडे जास्त पैसे टाकून 20,000 ची घ्या. आणि दोन्ही बदला, दुसरीचंही वय तेवढंच आहे.

सासुरवाशीण: आमच्या ह्यांनी वाइंडिंग बारऐवजी (स्प्रिंग पिळायच्या सळईऐवजी) स्क्रूड्रायव्हर घातला होता. सटकला. सहा आठवडे हात गळ्यात, पोळ्या आणि बर्फ उपसणं दोन्ही माझ्याकडे.

खटपट्या: ताई, म्हणूनच म्हणतो, अर्धा इंच जाडीचे भरीव पोलादी बारच हवेत, तेही दोन. 7 फुटी दाराला स्प्रिंग साधारण साडेसात फेरे पिळायची, म्हणजे पाव-पाव फेरा करत तीस वेळा बार बदलायचा. एकदाही हात सुटून चालत नाही. मी दोनदा केलंय, तिसऱ्यांदा माणूस बोलावला.

पुणेरी शटर: आमच्या दुकानाच्या शटरची स्प्रिंग गेली की कोपऱ्यावरचा मिस्त्री येतो, चहा पितो, बसवतो. तुम्ही लोक सगळं स्वतःच का करता?

मिशिगनकर: कारण इथे कोपराच नाही, साहेब! मोजलं: 20 वेढे बरोब्बर पाच इंच, आतला व्यास दोन. ताईंचं वाचून बायकोने परस्पर माणूस ठरवला, उद्या येतोय. आज गाडी कशी काढू?

खटपट्या: लाल दोरी ओढून ओपनर सोडवा, पण दार खाली असतानाच. मग तिघांनी मिळून उचला आणि दार खाली घसरू नये म्हणून त्याच्या चाकाखाली रुळाला क्लॅम्प लावा. शेजाऱ्यांना बोलवा, एकट्याने नको.