आश्रय दरबाराचा, पण गाणं?
दरबाराच्या पैशावर जगलेली कला स्वायत्त, म्हणजे स्वतःच्याच नियमांनी चालणारी, कशी, हा आक्षेप मला पटत नाही. आमच्या ग्वाल्हेर घराण्याचंच बघा. हद्दू-हस्सू खाँ हे ख्यालगायक बंधू ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, पण ख्यालात आलाप कुठे थांबवायचा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसं यायचं, हे राग आणि ताल ठरवतात. तिथे महाराजांचा हुकूम चालत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये शब्दांविना संगीत मुक्त सौंदर्यात, म्हणजे कुठल्याही अर्थावर वा हेतूवर न टेकणाऱ्या सौंदर्यात, धरलं. मग निरर्थक बोलांचा तराणा कुठे बसवाल? ‘तनन देरेना’त अक्षरं आहेत, पण द्रुत लयीत ती तबल्याशी भिडली की अर्थाची आठवणही होत नाही. बंदिशीचं, म्हणजे शब्दांत बांधलेल्या रचनेचं, मात्र अवघड आहे. आमच्या गायकीत अस्ताई-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, स्वच्छ म्हणायचा आग्रह, म्हणजे शब्द सुटत नाहीत. तरी स्वायत्तता उणावते असं मला वाटत नाही, कारण ते शब्दही लयीच्याच वजनाने पडतात.